गाळलेला शब्द

मित्रांनो, शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत काळ्या शाईने माखलेले, हाताने फिरवायचे जे जुने सायक्लोस्टाइल यंत्र दिसते, ते मी. माझे अंग बिडाचे, रोलर रबराचा आणि स्वभाव संशयी. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण चूक स्वतः करतो आणि नाव माझे घेतो.

कारखान्यात माझी तीनदा चाचणी झाली होती. अक्षरे कोरलेल्या एका मेणकागदावरून पाचशे प्रती, एकही अक्षर पुसट नाही. शाळेत वीस वर्षे परीक्षेचे सगळे पेपर मीच छापले. पुढे कार्यालयात झेरॉक्स आले आणि माझ्यावर खडूंची खोकी रचली गेली.

मग नववीला इंग्रजी शिकवायला नवे सर आले. त्यांनी खोकी उतरवली, रोलर पुसला, बेअरिंगला तेल दिले. मला लगेच शंका आली. कारणावाचून कोण कोणाचे अंग पुसतो? सर दार लोटून घेत आणि दर आठवड्याला एक इंग्रजी कविता छापत. प्रत्येक कवितेत एका शब्दाची जागा मोकळी राही. मेणकागदच तिथे कोरा असे. मला बदनाम करून भंगारात घालण्याचा हा डाव, असे मी मनाशी पक्के केले.

एका पालकांनी तसा कागद मुख्याध्यापिका बाईंना दाखवला. बाई खोलीत आल्या आणि शिपाईमामांना म्हणाल्या, "हे यंत्र अक्षरं खायला लागलंय. शनिवारी भंगारवाल्याला बोलवा."

"म्हातारपणी भूक वाढतेच, बाई," मामा म्हणाले. कोणी हसले नाही.

सर दारातच उभे होते. गप्प राहते तर सुटले असते.

"तो शब्द यंत्राने नाही, मी खाल्लाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले, की शाळेत येण्यापूर्वी ते अकरा वर्षे एका छापखान्यात मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रुफे, तपासत. एका कवितेत 'घंटा ऐकत होती' असे होते. घंटा कशी ऐकेल, म्हणून त्यांनी 'वाजत होती' केले आणि पुस्तक तसेच छापले गेले. कविता लिहिणाऱ्या आजी पुस्तक घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, वाजणारी घंटा सगळ्यांनाच माहीत आहे. माझी ऐकत होती."

तेव्हापासून सरांचा स्वतःच्या पहिल्या वाचनावर विश्वास नाही. मोकळ्या जागी मुलांनी आपला शब्द भरायचा आणि तोच का, ते पटवून द्यायचे. मग कवीचा शब्द फळ्यावर येतो. त्यालाही तोच प्रश्न.

बाईंनी विचारले, झेरॉक्स का नाही वापरत? सर म्हणाले, दोनदा वापरले. दोन्ही वेळा कार्यालयातल्या कारकूनभाऊंनी चूक समजून जागा भरून दिली.

बाई एका खोक्यावर बसल्या. पेन्सिल मागितली. मोकळ्या जागी एक शब्द लिहिला, खोडला, बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. उठताना मामांना म्हणाल्या, "भंगारवाल्याला या शनिवारी नको."

मित्रांनो, संशय जरूर घ्या, मीही घेतला. पण कोणाला भंगारात काढण्याआधी एकदा त्यालाच विचारून बघा. आणि काम झाल्यावर रोलर पुसत जा.

सर आता निर्धास्त आहेत. मी नाही. बाई 'या शनिवारी' म्हणाल्या. त्यातला 'या' मी नीट ऐकला आहे.