पद्माक्काची दोन स्टुलं

हळदीच्या दिवसांत कृष्णाकाठ पिवळा होतो. हळद शिजवायच्या काहिलींतून सुवर्णधूसर वाफा उठतात, खळ्यांवर पीतवर्ण राशी पहुडतात, आणि वारासुद्धा नवरदेवासारखा हळद लावून हिंडतो. अशाच एका फाल्गुनी पौर्णिमेला, कलत्या दुपारी, दवाखान्याच्या मागच्या ओसरीत दोन स्टुलं मांडली होती. शेजारी शेजारी, पण उलट तोंडांनी. एकाचं तोंड पश्चिमेच्या नदीकडे, दुसऱ्याचं पूर्वेच्या डोंगराकडे.

का? साऱ्या गावाला हेच कुतूहल.

स्टुलं पद्माक्काची. पद्माक्का म्हणजे मनाची डॉक्टरीण. दुखावलेल्यांचं ऐकून घेणं हे तिचं काम. पण तरुणपणी ती विद्युल्लता होती महाराजा, खो-खोच्या मैदानावरची चंचलचरणा! इतकी वेगवान, की तिची सावली संध्याकाळी मागाहून धापा टाकत यायची आणि विचारायची, "पोचली का हो ती?" खोटं वाटतं? असेल खोटं. पण त्या सावलीला पाणी मी दिलंय.

मग गुडघा गेला. मैदान गेलं. उरली ती खो-खोतली उलटसुलट बैठक. जवळ बसायचं, पण डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. भिडला की माणूस आत लपतो.

त्या दुपारी नदीकडच्या स्टुलावर हैबती पैलवान बसला होता. वृषस्कंध, शैलवक्ष, आणि मुका. तालमीत सराव करताना त्याच्या पकडीत जिवलग बिरूचा खांदा निखळला, त्या दिवसापासून मुका. दोन्ही हात मांड्यांखाली दडपलेले, जणू हात नव्हेत, दोन भुजंग. आई भरवेल तेवढेच घास. आता तेही नको झालेले.

"आक्का, बोलता करा की त्येला! नुसतं बसून काय हुतंय?" दारातून, हातात भाकरीचं ताट घेऊन, त्याची आई सगुणा कळवळली.

"सगुणाबाई, खो मिळायच्या आधी उठला तर फाऊल. बसू दे त्याला."

बसली दोघं. ऊन पिवळ्याचं केशरी झालं, केशरीचं तांबूस झालं. पद्माक्कानं पाय लांब केला, आणि गुडघा वाजला. कट्!

पैलवानाच्या कानाला हाडांची भाषा कळते. हैबतीची मान किंचित वळली. कुतूहल, ते चिमुकलं, चावट, उंदरासारखं कुतूहल, दुःखाच्या कोठारात शिरलं आणि कुरतडू लागलं.

"आक्का," गंजल्या बिजागरीसारखा आवाज आला, "कुनी मोडला?"

"मैत्रीण होती माझी. सरावात धडकली."

"मग... आली का बघाय?"

पद्माक्का डोंगराकडेच बघत होती. "नाही रे. शरमली असेल. मी मात्र किती दिवस दाराकडे डोळे लावून पडले होते."

स्टूल थरथरलं. मांडीखालून एक हात निघाला, मग दुसरा. भुजंग नव्हेत, बाबांनो. घामेजलेले, वळ उठलेले, दोन पोरके तळवे.

"बिरूकडं जायाचंय," तो पुटपुटला. "पन उठवंना. आक्का, खो द्या की."

ती त्याच्या पाठीमागे गेली. त्या विशाल, व्याकूळ पाठीवर तिनं हात ठेवला, आणि गुडघ्यात इतकी वर्षं कोंडलेला सगळा वेग एका अक्षरात ओतला.

"खो!"

पारव्यांचे थवे उडाले, काहिलींना एक उकळी जास्त फुटली, आणि नदी, माझ्या डोळ्यांदेखत, क्षणभर उलटी वाहिली.

हैबती धावला. हळदीच्या वाटेवरून, हळदीच्या धुळीतून, हळदीसारखा उजळत धावला. मागून ताट सावरत सगुणा. "आरं, भाकरी तरी खा!"

"बिरूसंगं खातो!"

ओसरीत दोन स्टुलं उरली, रिती, उलट तोंडांची. पश्चिमेला सूर्य नदीवर टेकलेला. पूर्वेला चंद्र डोंगराआड दबा धरून बसलेला. हळदीनं माखलेला एक किरण नदी ओलांडून, शेतं ओलांडून, डोंगरापल्याड गेला, चंद्राच्या पाठीला हलकेच शिवला.

आणि चंद्र उठला.