पंपवाल्या बाईचा आवाज

"काका, थांबा. परत घेऊ." काचेपलीकडून रेकॉर्डिंगवालीने हात वर केला. "ती आता अख्ख्या यानाची प्रमुख आहे. आणि तुम्ही अजून तिला भिजल्या मांजरीसारखं बोलायला लावताय."

वाचककाकांनी हेडफोन उतरवले. अंधांसाठी पुस्तकं वाचण्यात त्यांची हयात गेली होती, पण ही तीन भागांची अवकाशकादंबरी वेगळी होती. पहिल्या भागात यानातले पंप सांभाळणारी एक भित्री बाई होती. तिला आवाज द्यायची वेळ आली तेव्हा, ध्यानीमनी नसताना, काकांच्या तोंडून त्यांची गेलेली बायको बोलली. आधी बारीकसा श्वास, मग शब्द, आणि वाक्याचा शेवट तोंडातल्या तोंडात. रेकॉर्डिंगवालीने टाळ्या वाजवल्या होत्या. तिने काकूंना कधी पाहिलंच नव्हतं, तिला काय कळणार! दुसऱ्या भागात बाईने बंड केलं, तरी काकांनी तोच आवाज रेटून नेला. रेकॉर्डिंगच्या दुपारी काकू बोलायच्या. त्या जोरावर उरलेला आठवडा निघायचा. आणि आता तिसऱ्या भागात लेखकाने तिला कप्तान करून ठेवलं होतं. मेला लेखक!

"माणूस मोठा झाला म्हणून काय गळा बदलतो?" काका कुरकुरले.

"गळा नाही हो, माणूस बदलतो. बघा ना, काय काय सोसलंय तिने! आता कशाला घाबरेल ती?"

काकांनी ते पान पुन्हा वाचलं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं, आणि लिहिलंय त्याच्याविरुद्ध वाचणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते घोटभर पाणी प्यायले, खाकरले, पाठ ताठ केली.

"दारं बंद करा! एकालाही मागे सोडायचं नाही!"

मग अख्खं प्रकरण एका दमात पार पडलं.

"काका, कमाल केलीत! अंगावर काटा आला. वेगळीच बाई वाटली."

"वेगळीच आहे," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चहा ठेवला. घरात दुसरं कोण असणार, तरी इकडेतिकडे बघून हळूच काकूंसारखं म्हणाले, "अहो, ऐकलंत का…"

हुकूमच सुटला. त्यांनी बारीक श्वास घेऊन पुन्हा जपून म्हणून पाहिलं. पुन्हा कप्तानच! काकूंचा आवाज गळ्यात कुठे सापडेना. चहा उतू जायला आला होता.

"ऐकलं गं," ते म्हणाले आणि त्यांनी गॅस बंद केला.