काल्याच्या मांडवातला हिरवा चुडा

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं आणि भारती पुन्हा पुन्हा खाली बघत होती. मांडीवरच्या मोबाईलवर श्रीरामपूरच्या केशरबाईंचा निरोप आला होता : 'आमच्या नातीला काळ्या बांगड्या भरता का? राहू द्या. आमी इथल्याच दुकानात निघालो.'

केशरबाईंची सून, म्हणजे नवरीची आई, पारनेरजवळच्या याच गावची लेक. तिचा चुडा भारतीच्या सासूनं, आक्काबाई कासारणीनं भरला होता. त्या मानानं लेकीच्या चुड्यासाठीही याच घराची आठवण झाली. चुडा उद्या भरायचा. आधी फोटो धाडा, असं केशरबाई म्हणाल्या होत्या. भारतीनं सकाळी सप्त्याच्या मांडवात, बांगड्यांची पाटी मांडली तिथंच बसून फोटो काढले. नक्षी दिसावी म्हणून मोबाईल पार बांगडीला टेकवला. हिरवीगार काच फोटोत काळपट आली, वर धुरकट. गडबडीत तशीच धाडली.

"आत्या, मी जरा बाहेर जाऊन येते," ती शेजारी बसलेल्या सासूला म्हणाली.

"काल्यातून उठतं का कोन? हंडी फुटू दे."

"तवर त्या दुकानात पोचत्याल!"

"देवाच्या दारात बसलीस, अन् चित्त बांगड्यात."

"बांगड्या बी त्यानंच दिल्यात ना?"

आक्काबाईनं हसू ओठांत दाबलं आणि टाळी चालूच ठेवली. भारतीही टाळी वाजवत होती, पण तिचा ठेका कधीच चुकला होता. सासूनं जन्मभर सांभाळलेला मान आपल्या एका फोटोनं घालवला, हेच तिच्या मनात घोळत होतं.

बुवांनी एकदाचा देवाच्या नावाचा गजर केला आणि ते अंगणातल्या हंडीकडे निघाले. भारती बघतच राहिली. सकाळपासून गुलाबी दिसणारं बुवांचं धोतर उन्हात गेल्याबरोबर दुधासारखं पांढरं झालं! तिनं मान वर केली. मांडवाचं लाल कापड उन्हानं पेटल्यासारखं दिसत होतं.

"अगं बाई! खोट त्या कापडाची, माझ्या काचेची न्हाई!"

हंडी फुटली तशी ती बांगड्या घेऊन देवळामागच्या लिंबाच्या सावलीत धावली. टाळकरी कानिफनाथ दह्यानं माखून तिथंच उभा होता.

"भाऊजी, उपरणं द्या."

"दह्यानं भरलंय की, वहिनी."

"कोरडं टोक तेवढं द्या!"

पांढऱ्या टोकावर तिनं चुडा मांडला. पहिला फोटो पुन्हा धुरकट. बघते तर कॅमेऱ्याच्या काचेवर दह्याचा शिंतोडा. पदरानं पुसला. आता मोबाईल वीतभर मागं घेतला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, पडद्यावरच्या बांगडीवर बोट ठेवलं, श्वास रोखला. फोटोतलं आजूबाजूचं नंतर कापून टाकलं. पानावरच्या दवासारखी नक्षी उठून आली.

फोटो गेला. उत्तर नाही. आक्काबाई मुठीत काला घेऊन आली. भारतीनं हात पुढं केला, पण नजर मोबाईलवर ठेवून घास मुठीतच धरला. "आत्या, गेल्या वाटतं दुकानात..."

तेवढ्यात फोन वाजला.

"अवो, या तर हिरव्या हायेत!" केशरबाई ओरडूनच बोलत होत्या. "दुकानाच्या पायरीवरनं माघारी फिरले मी. उद्या लवकर या. अन् आक्काबाईंना संगं आना, पहिली बांगडी त्यांच्याच हातची."

भारतीनं सासूकडे पाहिलं, आणि मग कुठं तो घास तोंडात टाकला.

आक्काबाई म्हणाली, "केशरबाईला इचार, उद्या येताना काला आनू का?"