तोंडी परीक्षा

"काका, नजर फिरवा! समोर भिंत नाही, माणसं आहेत," सरावाच्या तासाला मॅडम म्हणाल्या. विणकर दचकला आणि पाठ केलेलं भाषण त्याने पहिल्यापासून सुरू केलं.

संध्याकाळच्या कॉलेजात 'भाषण आणि संभाषण' हा विषय त्याने हौसेने घेतला नव्हता. कारखान्यात नव्या कामगारांना शिकवण्याची जागा निघाली होती. "हात तुझे सोन्याचे, पण तोंडातून शब्द फुटायला मुहूर्त लागतो. तोंडी परीक्षा पास हो, जागा तुझी," असं मॅनेजरने सांगितलं होतं. जागा मिळाली की यंत्रमागांच्या खडखडाटातून सुटका. उरलेसुरले कान तरी वाचले असते. त्याच्या शेजारच्याच मागावर काम करताना बायकोचे कान पार गेले होते.

परीक्षेला घरचं एक माणूस ऐकायला आणायचं, हा मॅडमचा नियम. आता बहिऱ्या माणसाला भाषणाला नेण्यात काय हशील? पण घरात दुसरं होतं कोण! ती ठेवणीतले कपडे घालून आली आणि शेवटच्या बाकावर ताठ बसली.

भाषण होतं जुन्या मुकादमावर. शिकवल्याप्रमाणे त्याने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. तो वळला की बायकोच्या कपाळाला आठी पडे. ओठच दिसेनात तर ती वाचणार काय? शेवटी त्याने वळणं सोडून दिलं आणि तिच्याकडेच पाहत राहिला. मग मुकादम गेला बोंबलत.

"तुला घडीखात्यात कापडाच्या घड्या घालत बसता आलं असतं," तो तिला म्हणाला. "चार बायकांत, शांत. माझ्याजवळ राहायचं म्हणून मागावर आलीस आणि कान घालवून बसलीस. मला कळत होतं गं. पण बोललो नाही कधी."

मागांच्या गोंगाटात घसा फोडून उपयोग नसतो. तिथे ओठ नीट हलवायचे, समोरचा वाचून घेतो. सगळा जन्म त्याने असाच काढला होता. तिच्याकडे पाहता पाहता त्याचा आवाज कधी गेला, ते त्यालाही कळलं नाही. वर्गाला मात्र कळलं.

"काकांची बॅटरी उतरली!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"काका, मुकादमाच्या पुढचं एक अक्षर ऐकू आलं नाही आम्हाला," मॅडम म्हणाल्या. मग शेवटच्या बाकापाशी जाऊन त्यांनी बायकोला हातवारे करत विचारलं, "काय म्हणाले हो ते?"

तिचे डोळे भरले होते. बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "ते आमचं घरातलं आहे. तुम्हाला कशाला सांगू?"

आता तर वर्ग लोटपोट झाला. मॅडमही हसल्या, बाई मनाने चांगली होती. "काका, तेच पुन्हा बोला, जरा मोठ्यानं. पास करते तुम्हाला."

त्याने तोंड उघडलं. जागा अगदी हाताशी आली होती. बायको मानेनेच 'बोला, बोला' म्हणत होती.

"नको मॅडम," तो म्हणाला. "ते आता बोलून झालं."

जागा गेल्याचं त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण बोलल्याचा पश्चात्ताप होईना.

सोमवारी भोंगा वाजला तसा तो आपल्या मागापाशी जाऊन उभा राहिला. खिशातून कापसाचे दोन बोळे काढून त्याने कानांत घातले. सकाळी निघताना ते तिनेच वळून दिले होते. मग त्याने माग सुरू केला.