बुवांसमोरची जागा

सुंठेचा एक तुकडा खलात तसाच राहिला होता, चिवट, तंतू सुटलेला. सगुणा त्याच्यावर बत्ता घालत राहिली, जरुरीपेक्षा जास्त, दात आवळून — कारण देवळाच्या पडवीपलीकडे गिरिधरबुवा रामजन्माच्या कीर्तनाआधी गळा मोकळा करत होते. तो आवाज… जांबेच्या देवळात दर रामनवमीला येणारा. त्याच्यासाठी ती वर्षभर थांबायची. गेल्या सालापर्यंत.

गेल्या साली ती धीर करून त्यांच्यापुढं गेली होती. काय बोलायचं ते घरून ठरवून आणलेलं, आणि तोंडातून निघालं भलतंच — "बुवा, तुमचा आवाज आयकला की मला घरादाराचं भानच ऱ्हात न्हाई." बुवा हसले. मायेनं हसले असंच वाटलं — मी किती खुळी, कीर्तन सुरू होईस्तोवर तेवढ्यावरच तरंगत होते! आणि मग भर कीर्तनात त्यांनी उपरणं पदरासारखं डोक्यावर ओढलं, मान वाकडी केली, "तुमच्यातलीच एक माउली मला म्हणाली," असं सांगून तिच्याच हेलात तिचं वाक्य म्हटलं. मंडप हसला. तिचा नवरा रखमाजीही हसला, ती माउली कोण हे कळेपर्यंत. मग पोळ्यापर्यंत तो तिच्याशी धड बोलला नाही. विहिरीवर बाया अजून विचारतात, "काय सगुणा, भान हाय का आज?"

पण बुवांना काय लागतं, ते तिला ऐकून ऐकून ठाऊक झालं होतं. ते गर्दीतला एक चेहरा हेरतात, विरघळणारा, आणि त्याच्याकडं बघत गातात. कितीदा तो चेहरा तिचाच असायचा. आज अगदी समोर बसायचं… आणि तो चेहरा द्यायचा नाही.

तिनं मुद्दाम स्वतः पाण्याचा तांब्या नेला.

"ठेवा माउली," बुवा म्हणाले. "कोणत्या गावच्या तुम्ही?"

तिनं तांब्या ठेवला आणि मागं फिरली. आठवतसुद्धा नाही! मी वर्षभर जळत राहिले, आणि ह्याला…

माध्यान्ह जवळ आली. बुवांचा आवाज असा लागला होता की शेजारी तिची जाऊ, चतुराबाई, हुंदके देऊ लागली. बुवांची नजर फिरत फिरत सगुणावर आली, थांबली. तिनं ज्वारीच्या खळ्याचा विचार केला, खपल्या निघालेल्या भिंतीचा, रखमाजीच्या त्या अबोल्याचा. बुवांनी ओळ पुन्हा घेतली, तिच्याकडं झुकून, जास्त आर्जवानं — तिनं पापणीही हलू दिली नाही. पुन्हा घेतली. वरच्या सुरावर आवाज चिरकला, जरासाच. बुवा खाकरले, पखवाजवाल्याला हातानं घाई केली आणि गुलाल उधळायच्या आत त्यांनी पद कसंबसं उरकलं. कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाळण्याची दोरी ओढायला सगळे पुढं झाले तेव्हा बुवा घाम पुसत तिच्याकडंच बघत होते, काहीतरी हरवल्यासारखे.

घरी परतताना चतुराबाई म्हणाली, "काय गळा हाय बुवाचा! मी तं रडून राह्यले व्हते. तुला न्हाई का गं रडू आलं?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

सगुणा चालत राहिली. जिंकले, ती मनात म्हणाली… बराबर जिरवली. मग तिनं ती ओळ आठवून पाहिली — शब्द आले, चालही आली, पण आत काही हललं नाही. निदान राग तरी यावा म्हणून ते उपरणं, ते हसू आठवलं. तेही कुणा दुसऱ्या बाईवर गुदरल्यासारखं लांबून दिसलं. कोणाला सांगावं हे? ती कोरडी बसल्याचं सगळ्या मंडपात एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो आता परतूरच्या गाडीला निघाला असेल. पुढच्या साली त्यानं यावं, असं तिला एकदम फार वाटलं — त्याला पुन्हा पाडायला, की पुन्हा भान हरपायला…

"जल्दी चल की," चतुराबाई पुढून ओरडली, पण सगुणा मागं वळून देवळाकडं बघत राहिली.