वीस मिनिटांचा राँग नंबर

"आणि समोरचं माणूस काही बोललंच नाही तर?"

दुकानदाराने मान वर केली. अर्धा तास झाला, हे गृहस्थ काउंटरपाशी उभे होते आणि समोर मांडलेल्या तीन डब्यांपैकी एकालाही हात लावत नव्हते. हातांवर मनगटापर्यंत पांढरी भुकटी, सदऱ्याच्या खिशात गुलाबी मेणाचा तुकडा. दुकानदाराने त्यांना मनातल्या मनात रंगारी ठरवून टाकलं होतं. ते होते दातवाले. दातांच्या डॉक्टरांना घरी बसून कवळ्या करून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि मूळ नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"बोलायचंच नसेल तर फोन कशाला करेल कोणी, काका?"

"करतं एखादं."

"हे बघा," दुकानदाराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "लाइन एक, आणि तुम्हाला तिच्यावर फोनही हवा, फॅक्सही हवा. फोन आला की आधी हा डबा उचलणार. पलीकडे फॅक्सचं मशीन असेल तर ते पी-पी करतं. ते ऐकलं की डबा लाइन फॅक्सला देतो. माणसाचा आवाज आला तर तुमची घंटी वाजवतो. झालं!"

"आणि काहीच आवाज नाही आला तर?"

"तर हा पहिला डबा समजतो, जुनं मशीन असणार. जुनी मशिनं आपणहून पी-पी करत नाहीत, तिकडच्या माणसाने बटण दाबेपर्यंत मुकी असतात. मग हा तुमचा फॅक्स सुरू करून टाकतो."

"म्हणजे पलीकडे कोणी गप्प बसलं असेल तर..."

"कानात शिट्टी बसेल त्याच्या. पुन्हा म्हणून फोन करणार नाही!"

दुकानदार स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसला. दातवाले हसले नाहीत. त्यांना राग आला असंही नाही. अडीच महिन्यांत त्यांना कशाचा राग आला नव्हता की कशाची भूक लागली नव्हती. जेवायची वेळ झाली की जेवत होते, एवढंच.

फॅक्सचं खूळ डॉक्टरांचं. मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर. दातवाल्यांचं निम्म्याहून जास्त काम तिथून यायचं. ते फोनवर सांगायचे, हे वहीत लिहून घ्यायचे. वरचा, डावीकडचा दुसरा. या धंद्यात डावं म्हणजे पेशंटचं डावं, समोर बसलेल्याचं नव्हे, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. चाळीस वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती. अडीच महिन्यांपूर्वी झाली. दात हवा होता एका बाजूला, दातवाल्यांनी तो बसवला दुसऱ्या बाजूला, आणि वर त्याला आरशासारखं पॉलिश करून दिलं.

"चुकतं माणसाकडून, काका," ती चूक आठवून डॉक्टर परवा म्हणाले होते. "पण आता सगळं कागदावर असू दे. दवाखान्यात दोन जुनी मशिनं आहेत, एक तुम्ही घेऊन जा. सोमवारपासून फॅक्सनेच पाठवणार. जमत नसेल तर सांगा, मला दुसरीकडे बघावं लागेल."

चूक झाली त्याच आठवड्यात आपली बायको गेली हे दातवाल्यांनी त्यांना सांगितलं नव्हतं. दोन दिवस काम बंद ठेवलं तेव्हा "तब्येत बरी नाही" एवढंच म्हणाले होते. कोणाची, ते डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

आता हा न बोलणारा फोन कोणाचा, ते सांगायला हवं. दातवाल्यांना एक मुलगी. सहा वर्षं बापाशेजारी बसून ती काम शिकली, आणि दात मांडण्यात तिचा हात बापाहून चांगला बसला. हे बाप मनात कबूल करायचा, तोंडाने कधी नाही. मग एक दिवस ती म्हणाली, दूरच्या शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये बोलावलंय, जाते. बापाचा पारा चढला. "जायचं तर जा. पण मग या घरात फोनसुद्धा करायचा नाही." मुलगी बापाच्याच वळणावर गेलेली. तिने बॅग उचलली, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत बापाशी अवाक्षर बोलली नाही.

आईशी मात्र बोलायची. दर गुरुवारी चारला फोन वाजायचा. आई हात पुसत धावायची, खोलीचं दार लोटून घ्यायची आणि वीस मिनिटांनी बाहेर यायची.

"कोणाचा होता?" दातवाले मान वर न करता विचारायचे.

"राँग नंबर."

वीस मिनिटांचा राँग नंबर! दातवाले पुढे काही विचारायचे नाहीत. पण गुरुवारी पावणेचारला ते पॉलिशची मोटर बंद करायचे, कारण तिच्या घरघरीत फोन ऐकू येत नसे. मग तासभर कानशीने हळूहळू दात घासत बसायचे. बायकोला हे कळत होतं. तीही त्यावर बोलायची नाही. नवराबायको दोघांनी मिळून तीन वर्षं तो राँग नंबर सांभाळला.

ती गेल्यावरच्या पहिल्या गुरुवारी चारला फोन वाजला. दातवाल्यांनी उचलला, "हॅलो" म्हणाले. पलीकडे नुसता श्वास. तुझी आई गेली, हे तीनच शब्द. ते त्यांना म्हणता आले नाहीत. फोन कट झाला. पुढच्या गुरुवारी आणखी अवघड, कारण मागच्या गुरुवारी का नाही सांगितलं, तेही आता सांगावं लागणार होतं. असे दहा गुरुवार गेले. मुलीचा नंबर घरात कुठे लिहिलेला सापडला नाही. औषधांचे डबे, कपड्यांच्या घड्या, जुन्या डायऱ्या, सगळं उपसून झालं. बायकोला लिहून ठेवायची गरजच पडली नव्हती, फोन कायम तिकडूनच यायचा. उरला होता तो चारचा मुका फोन, आणि त्या पोरीच्या कानात एकदा शिट्टी बसली की तोही बंद होणार होता.

"हा दुसरा डबा?" दातवाल्यांनी विचारलं.

"त्याला वेगळा फॅक्स नंबर लागतो. अर्ज करायचा, मग वाट बघायची. नशीब जोरावर असेल तर वर्षाच्या आत मिळतो."

"सोमवारी हवंय. आणि हा?"

दुकानदाराने तिसरा डबा उलटा केला. मागे तांदळाच्या दाण्याएवढं बटण होतं.

"हे खाली केलं की गप्प फोन फॅक्सला जात नाही, तुमची घंटी वाजते. पण मी सांगतो, नका करू. तुमचे डॉक्टर कुठलं मशीन वापरतात?"

"जुनं."

"बघा! म्हणजे त्यांचा प्रत्येक फॅक्स तुमची घंटी वाजवणार. तुम्ही कामावरून उठायचं, फोन उचलायचा, त्यावरचं चांदणीचं बटण दोनदा दाबायचं, तेव्हा कुठे कागद येणार. दिवसातून दहादा. मग डबा घेऊन उपयोग काय?"

"हाच द्या," दातवाले म्हणाले. "आणि ते बटण इथेच खाली करून द्या."

दुकानदाराचं म्हणणं शब्दन् शब्द खरं ठरलं. सोमवारपासून घंटी वाजू लागली आणि दातवाल्यांच्या उठाबशा सुरू झाल्या. प्लास्टर कालवलं की दहा मिनिटांत दगड होतं, त्याला फोनबिन कळत नाही. हात तसेच घेऊन ते धावायचे. बुधवारपर्यंत काळा फोन पांढरा झाला. दवाखान्यात फॅक्स पाठवायचं काम काउंटरवरच्या ताईंकडे होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली.

"काका, इतरांकडे कसा आपोआप जातो! तुमच्याकडेच बोलायला का लागतं?"

"डबा तसा आहे," दातवाले म्हणाले.

गुरुवार उजाडला. पावणेचारला त्यांनी मोटर बंद केली. हात धुतले, पुसले आणि फोनपाशी खुर्ची ओढून बसले. चारच्या ठोक्याला घंटी वाजली. त्यांनी उचलला. पलीकडे शांतता.

दवाखान्याचे फॅक्स आतापर्यंत सकाळीच आले होते, चारला एकही नाही. दातवाल्यांनी डोळे मिटले आणि भडाभडा बोलून टाकलं.

"तुझी आई गेली, बाळा. अकरा आठवडे झाले. मला सांगता येईना. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. फोन ठेवू नकोस."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"काका... मी दवाखान्यातून बोलतेय. एक अर्जंट होतं, म्हणून..."

दातवाल्यांनी चांदणीचं बटण दोनदा दाबलं आणि फोन ठेवला. त्यांना लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. मशीन खरखरलं. कागद बाहेर आला. वरची पूर्ण कवळी, दातांचा रंग, पेशंटचं वय. थोड्या वेळाने पुन्हा घंटी वाजली, पुन्हा चांदणी, आणि दुसरा कागद आला. त्यावर हाताने लिहिलेलं होतं: काका, मला माहीत नव्हतं. पाच वाजेपर्यंत इथून कोणी तुम्हाला फोन करणार नाही. लाइन मोकळी ठेवते.

घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. पोरीने चारला लावला असणार, एंगेज लागला असणार. तिच्या आईच्या काळात असं कधी झालं नव्हतं. आता काही ती लावत नाही, असं म्हणून दातवाले उठले, वाटीत पाणी घेतलं, प्लास्टर सोडलं आणि कालवायला लागले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

घंटी वाजली. चार वीस.

त्यांनी प्लास्टरच्या हातानेच उचलला. हॅलो म्हणाले नाहीत. पलीकडे श्वास होता.

"तुझी आई गेली," ते म्हणाले. एकदा परक्या माणसाला सांगून झालं होतं म्हणून असेल, शब्द कुठे अडले नाहीत. "अकरा आठवडे झाले. चूक माझी आहे. आधी सांगायला हवं होतं."

फोन कट झाला नाही. समोरच्या वाटीतल्या प्लास्टरवरची चकाकी गेली, म्हणजे ओतायची वेळ टळत चालली. दातवाल्यांनी चाळीस वर्षांत वाटीभर प्लास्टर कधी फुकट घालवलं नव्हतं. ते वाटीकडे बघत उभे राहिले.

"बाबा," पलीकडून आवाज आला. तीन वर्षांत जाड झालेला, तिचाच. "कशाने?"

"झोपेत. सकाळी उठवायला गेलो तर हात गार होता."

"काही म्हणाली होती का?"

"आदल्या रात्री पहिल्यांदाच म्हणाली, गुरुवारी मोटर बंद करायला विसरू नका."

पलीकडे ती रडायला लागली. दातवाल्यांना रडू आलं नाही. ते म्हणाले, "रड, मी आहे इथे," आणि खरोखरच होते. दार लोटायला हवं का असं त्यांच्या एकदा मनात आलं. मग लक्षात आलं की घरात ऐकणारं कोणी नाही. ते खुर्चीवर बसले. ती विचारत गेली, ते सांगत गेले.

फोन ठेवला तेव्हा पाच वाजले होते. वाटीत चमचा उभाच्या उभा घट्ट रुतला होता. त्यांनी वाटी टेबलाच्या कडेवर आपटली, गोळा अखंड बाहेर आला. तो टाकायचाच होता. पण हातातून गेलेल्या प्रत्येक साच्याच्या बुडाशी पेन्सिलीने तारीख आणि पेशंटचं नाव घालायची त्यांना सवय. त्यांनी गोळा उलटा केला आणि तारीख घातली.

नावाच्या जागी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: राँग नंबर, चाळीस मिनिटं.