पाठीमागच्या नऊ टाचण्या

माझं डोकं फिरतं ते अशा माणसांमुळे. आमच्या बुटीकच्या मॅडमना जुन्या फ्रेंच सिनेमातली एक नटी म्हणजे दैवत. यंदाचे सगळे कपडे म्हणे तिच्या मानाखातर. दुकानात भिंतभर तिचा फोटो लावला: काळा ड्रेस, इवलीशी कंबर. तस्साच ड्रेस हवा, एक चुणी दिसता कामा नये, असा हुकूम सुटला.

कटिंगच्या टेबलावर तीस वर्षं माझी सख्खी मावशी. मला कात्री धरायला तिनेच शिकवलं. तिने तीनदा ड्रेस बेतला, तिन्ही वेळा मॅडमनी नाक मुरडलं. शेवटी मावशीने सांगितलं, की फोटोसाठी मागून टाचण्या लावून कापड आवळलंय. खरंच एवढा घट्ट शिवला तर घालणारीला श्वास घेता येणार नाही.

"तू आता तिला स्टाइल शिकवणार?" असं म्हणून मॅडमनी सगळ्यांदेखत मावशीच्या हातातली कात्री काढून घेतली. मावशीची स्वतःची कात्री. दुसऱ्या दिवसापासून तिला बटणं लावायला बसवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी मात्र सुईत दोरा ओवू लागली.

मावशीच्या जागी आणलेल्या नव्या मास्तरांनी फोटोबरहुकूम शिवलेला ड्रेस पुतळ्यावर चढेचना. ओढताना चेन उसवली. नवे कपडे बघायला पाहुणे यायला तासभर उरला, तेव्हा मॅडम गोड बोलत बटणांच्या कोपऱ्यात आल्या. मावशीने आपलाच तिसरा ड्रेस पुतळ्याला घातला, मागून नऊ टाचण्या लावल्या, पुतळ्याची पाठ भिंतीकडे केली आणि परत बटणांपाशी जाऊन बसली. मला तिचाही राग आला.

पाहुण्यांनी वाहवा केली. कुणीतरी विचारलं, बेतला कुणी? मॅडम फोटोकडे हात करून हसल्या. म्हणाल्या, सगळी हिचीच कृपा, आमच्या जुन्या कटिंगवालीला तर जमतच नव्हतं.

मी पुढे झाले आणि पुतळा गर्रकन फिरवला. नऊच्या नऊ टाचण्या सगळ्यांसमोर.

"ही कंबर माझ्या मावशीने आवळलीय," मी म्हणाले. "फोटोतल्या बाईचीही अशाच कुणीतरी आवळली असेल. त्या आवळणारीचं नाव कधी विचारलंत?"

मॅडमनी दाराकडे बोट दाखवलं. मावशी बटणं टाकून माझ्यामागून बाहेर आली आणि रस्त्यातच तिने मला धपाटा घातला. माझी तीस वर्षांची नोकरी घालवलीस, म्हणाली, अक्कल गहाण टाकलीयस का? चार पावलांवर ती थबकली.

"माझी कात्री?"

पुतळ्याला हात लावण्याआधीच मी ती पिशवीत टाकली होती.